भेडाघाटच्या मातृका आणि बाळाचा ताप

भेडाघाट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते नर्मदेचे संगमरवरी कडे, धुवाँधार धबधबा आणि चांदण्या रात्रीचा नौकाविहार. जबलपूरच्या मराठी घरांत पाहुणा आला की त्याला भेडाघाटला न्यावयाचे हा जणू कुळाचारच. परंतु कडे पाहण्याच्या घाईत पुष्कळजण जवळच्या टेकडीवरील चौसष्ट योगिनींच्या मंदिराकडे पाठ फिरवतात. शंभराहून अधिक पायऱ्यांचा चढ नकोसा वाटतो. आमची आजी मात्र तो चढ कधी टाळीत नसे. धाकटा भाऊ एका पावसाळ्यात तापाने फणफणला होता. तो बरा झाल्यावर आजीने आम्हां सर्वांना तेथे नेले, नारळ वाढविला आणि त्या भग्न मूर्तींकडे पाहून म्हणाली, “या सगळ्या आया आहेत रे. कोपल्या तर ताप देतात, प्रसन्न झाल्या तर काढून नेतात.”

त्या वयात आम्हांला त्या मूर्तींची भीती तेवढी वाटली. पुढे इतिहासाचा थोडाफार व्यासंग घडला, तेव्हा आजीच्या त्या एका वाक्यात दोन हजार वर्षांची परंपरा बोलत होती हे ध्यानात आले. प्रस्तुत लेखक वैद्य नव्हे की डॉक्टरही नव्हे. परंतु मुलाच्या तापाकडे आपले पूर्वज कसे पाहात आले, त्यांचे कोठे चुकले आणि कोठे त्यांना नेमके उमगले, याची कथा सांगण्याजोगी आहे. आपल्या मंडळातील बहुतेक कुटुंबे घरादारापासून दूर राहतात. रात्री दोन वाजता मूल तापले तर हाक मारावयास आजी जवळ नसते. म्हणून ही कथा केवळ कुतूहलाची नाही.

प्रथम त्या टेकडीविषयी. भेडाघाटपासून जवळच असलेले तेवर हे गाव म्हणजे प्राचीन त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. इसवी सनाच्या दहाव्या शतकात त्यांच्या अमदानीत हे वर्तुळाकार, उघड्या अंगणाचे मंदिर उभे राहिले. नाव चौसष्ट योगिनींचे असले तरी येथील रचना ८१ योगिनींची आहे. अनेक मूर्तींच्या पीठांवर त्यांची नावे कोरलेली आहेत. काहींची मुखे पशूंची आहेत. बहुतेक मूर्ती भग्न आहेत. अंगणातील गौरीशंकराच्या देवळात नंदीवर आरूढ शिवपार्वती आहेत. कलचुरींचे कोरीव लेख सिद्ध करून १९५५ साली प्रसिद्ध करणारे पंडित म्हणजे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. तेव्हा या प्रदेशाचा इतिहास जगापुढे मांडण्यात एका मराठी विद्वानाचा मोठा वाटा आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा.

योगिनींची उपासना तांत्रिक होती. ती केवळ मुलांच्या आजारांसाठी होती असे म्हणता येणार नाही. परंतु योगिनींच्या मागे मातृकांची जी जुनी परंपरा उभी आहे, तिचा बालकांच्या रोगांशी अगदी निकटचा संबंध आहे. महाभारताच्या वनपर्वात स्कंदाच्या जन्माची कथा आली आहे. तेथे मातृगणांना स्कंदाकडून अनुज्ञा मिळते ती अशी, की सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्यांनी पीडा द्यावी आणि पूजेने संतुष्ट होऊन त्यांचे रक्षणही करावे. पीडा देणारी आणि राखणारी एकच! आमच्या आजीचे वाक्य दुसरे काय सांगत होते?

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात हीच कल्पना वैद्यकाच्या वेषात येते. तेथे स्कंद, शकुनी, रेवती, पूतना, नैगमेष इत्यादी नऊ बालग्रह सांगितले आहेत. मूल दचकते, किंचाळते, दूध सोडते, तापते, त्याला आकडी येते, ती या ग्रहांची बाधा मानली जाई. आज आपण याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होऊ. परंतु क्षणभर त्या काळच्या आईच्या जागी उभे राहून पाहावे. सकाळी खेळणारे मूल संध्याकाळी निखाऱ्यासारखे तापते, आणि दोन दिवसांत एक तर उठून खेळू लागते किंवा कायमचे जाते. कारण दिसत नाही, उपाय सापडत नाही. अशा वेळी त्या अदृश्य शक्तीला नाव देणे आणि तिची आळवणी करणे याखेरीज तिच्या हाती होते तरी काय?

तिच्या हाती आणखी एक गोष्ट होती, आणि तिची नोंद कौमारभृत्याच्या, म्हणजे बालरोगचिकित्सेच्या, एका प्राचीन ग्रंथाने करून ठेवली आहे. तो ग्रंथ म्हणजे काश्यपसंहिता. तिचे खंडित हस्तलिखित नेपाळात मिळाले आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून ती छापून निघाली. या ग्रंथातही रेवती आणि तिच्यासारख्या भयकारी देवता आहेतच. परंतु त्यातील वेदनाध्याय वाचताना आजचा बालरोगतज्ज्ञही मान डोलावील. जे मूल बोलू शकत नाही, त्याला काय होते आहे हे कसे ओळखावे, हा त्या अध्यायाचा विषय. कान दुखत असेल तर मूल हाताने कानाला स्पर्श करते. डोके दुखत असेल तर ते डोके घुसळते आणि डोळे मिटून घेते. ताप येण्यापूर्वी ते पुनःपुन्हा अंग वाकविते, जांभया देते, एकाएकी दाईला बिलगते, स्तनपानात त्याचे मन लागत नाही; त्याचे कपाळ अतिशय तापते आणि पाय मात्र गार पडतात. ज्या कोणी हे लिहिले, त्याने अनेक रात्री मुलांच्या उशाशी बसून काढल्या असल्या पाहिजेत. ग्रहांची भीती होतीच. परंतु तिच्या शेजारीच निरीक्षणाचा हा दिवाही तेवत होता.

भेडाघाटचाच आणखी एक पुरावा येथे सांगितला पाहिजे. कलचुरी संवत् ९०७, म्हणजे इसवी सन ११५५ मधील एक शिलालेख येथे मिळाला. तो राणी अल्हणदेवीचा. ही मेवाडच्या गुहिल घराण्यातील राजकन्या, माळव्याच्या परमार उदयादित्याची दौहित्री. ती गयाकर्ण राजाची राणी होऊन नर्मदाकाठी आली. पतीच्या पश्चात, पुत्र नरसिंह गादीवर असताना, तिने शिवमंदिर उभारले, त्याला मठ व व्याख्यानशाळा जोडली आणि त्याच्या योगक्षेमासाठी गावे दिली. त्या देवाचे नाव होते वैद्यनाथ, वैद्यांचा स्वामी. माहेरापासून दूर आलेल्या एका मातेने आपल्या देवाला हे नाव द्यावे, यात तिच्या मनातील काही आशा दडली असेल काय, हे सांगावयास आज कोणी नाही. तो शिलालेख एकोणिसाव्या शतकात फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन पंडिताच्या हस्ते सातासमुद्रापार, अमेरिकेतील न्यू हेवन येथे जाऊन पोहोचला. दूर देशी गेलेल्या आपल्या बांधवांना या दगडाबद्दल थोडी आपुलकी वाटेल असे वाटते.

आपल्या मराठी घरांतही हीच परंपरा निराळ्या नावांनी नांदत आली. पाचवी-सटी पुजावयाची, सटवाईने सहाव्या रात्री बाळाच्या कपाळी लेख लिहावयाचा. मूल किरकिरले की मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढावयाची. अंगावर फोड आले की ‘देवी आल्या’ म्हणावयाचे. ही भाषा इतकी खोलवर रुजली की त्या रोगावरचा उपाय आला तेव्हा त्यालाही आपण ‘देवी टोचणे’ असेच म्हटले. त्या उपायाचा हिंदुस्थानातील आरंभ मुंबईचाच. १४ जून १८०२ या दिवशी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला मुंबईत पहिली लस टोचण्यात आली. मे १९७५ मध्ये या देशातील देवीचा शेवटचा देशी रुग्ण नोंदला गेला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले. अनेक शतके ज्या तापाने घरेच्या घरे ओस पाडली, तो असा समूळ गेला. मातृकेचा एक कोप तरी माणसाने कायमचा शमविला.

आता तापाच्या मोजमापाकडे वळू. हाताच्या पालथ्या बाजूने कपाळ पाहणे हेच शतकानुशतके आपले यंत्र होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील लाइपझिगचे वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे २५,००० रोग्यांचे तापमान पुनःपुन्हा मोजून १८६८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ताप हा स्वतः रोग नसून रोगाचे लक्षण आहे, हा विचार त्यांच्या कार्याने दृढ झाला. परंतु त्यांचा तापमापक सुमारे फूटभर लांबीचा आणि वेळखाऊ होता. त्याच सुमारास इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत काम करणारा तापमापक सिद्ध केला. पुढे तो डॉक्टरांच्या खिशात आणि मग आपल्या घरांतील कपाटात आला. आमच्या पिढीने तो पाऱ्याचा काचमापक झटकून झटकून वापरला. आता त्याची जागा विजेरीवरच्या मापकाने घेतली आहे.

ताप हे लक्षण आहे हे एकदा कळल्यावर कारणांचा शोध सुरू झाला. ‘ताप’ या एका शब्दाखाली हिवताप, मुदतीचा ताप, गोवर, फुप्फुसाचा दाह असे कितीतरी निरनिराळे शत्रू लपलेले होते. १८२० साली पॅरिसमध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे करण्यात आले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी दिसला. स्वातंत्र्यानंतर देशभर फवारणी झाली आणि १९६५ साली हिवतापाचे रुग्ण लाखाच्या घरात उतरले. परंतु जरा ढिलाई होताच १९७६ साली ती संख्या ६४ लाखांवर गेली. जबलपूरभोवतीच्या मंडला, बालाघाटसारख्या जंगलपट्टीत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून होता. १९८४ पासून जबलपुरात आदिवासींच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था कार्य करीत आली आहे. अशा भागातून घरी आल्यावर मुलाला थंडी वाजून ताप आला तर रक्त तपासून घ्यावे, हा या इतिहासाचा साधा धडा आहे.

कारण शोधणे एकीकडे चालू असता, दुसरीकडे ताप उतरविणारी औषधे आली. आणि येथून कथेला निराळे वळण लागते. १८९९ साली ॲस्पिरिन बाजारात आले आणि घरोघर पोहोचले. मुलांनाही ते सर्रास दिले जाई. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. डग्लस राय यांनी मुलांच्या एका भयंकर विकाराचे वर्णन केले: साध्या सर्दीतापानंतर किंवा कांजिण्यांनंतर मेंदूला सूज येते आणि यकृत निकामी होते. १९८०च्या सुमारास त्याचा ॲस्पिरिनशी संबंध उघड झाला आणि मुलांच्या तापात ते देणे जगभर थांबविण्यात आले. त्याची जागा पॅरासिटामॉलने घेतली. हे द्रव्य १८७८ सालीच तयार झाले होते, परंतु त्याचा वापर १९५०नंतर रूढ झाला. योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे. मात्रा चुकली तर यकृताला अपाय करते.

दरम्यान शास्त्रज्ञांनी एक मूळचा प्रश्न विचारला: ताप मुळात येतो कशासाठी? १९७५ साली अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळवंटी घोरपडीसारख्या सरड्यांना जंतुसंसर्ग करून त्यांना वेगवेगळ्या उष्णतेत ठेवले. जे अधिक उबेत राहिले ते अधिक संख्येने वाचले. शरीराने लावलेली आग ही शत्रूला जाळण्यासाठीही असते, असा त्याचा अर्थ. आणि १९८० साली बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने ८१ पालकांशी बोलून दाखवून दिले की, साध्या तापानेही मुलाच्या मेंदूला इजा होईल अशी भीती निम्म्याहून अधिक पालकांच्या मनात आहे. या अवाजवी धास्तीला त्याने ‘तापाचे भय’ असेच नाव दिले. मातृकांची भीती गेली होती. तिच्या जागी आकड्याची भीती येऊन बसली होती.

या भीतीची किंमत किती भयंकर असू शकते, हे आपल्याच परिसरात नुकतेच दिसले. २०२५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात जबलपूरच्या दक्षिणेस असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, साध्या सर्दी-तापाच्या मुलांना खोकल्याचे एक पातळ औषध देण्यात आले. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपुरास आणण्यात आले. वीसहून अधिक बालके दगावली. तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. हे विष औषधांत शिरण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९३७ साली अमेरिकेत आणि १९८६ साली मुंबईत याच विषाने बळी घेतले होते. विष मिसळणे हा आईबापांचा दोष मुळीच नव्हे. तो दोष कारखान्याचा आणि देखरेखीचा. परंतु एक कटू सत्य उरतेच: त्यांपैकी पुष्कळ मुलांना त्या औषधाची मुळात गरजच नव्हती. त्यांचा सर्दी-ताप बहुधा चार दिवसांत आपोआप उतरला असता. त्या दुर्घटनेनंतर केंद्रीय आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देण्याचे कारण नाही.

मग करावे तरी काय? जे जाणकार सांगतात आणि ज्याला इतिहासाची साक्ष आहे, तेवढेच येथे नमूद करतो.

१००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाला ताप म्हणतात. तीन महिन्यांखालील अर्भकाला एवढा ताप आला तर घरगुती उपाय न करता, औषध देऊन वाट न पाहता, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. मोठ्या मुलाच्या बाबतीत आकड्यापेक्षा मुलाकडे पाहावे. १०२ अंश ताप असूनही जे मूल पाणी पिते, मध्येच हसते, खेळणे मागते, त्याची चिंता कमी. १०० अंशच ताप असूनही जे मूल मलूल पडून राहते, प्यावयास नकार देते, त्याची चिंता अधिक. श्वास जोरजोराने चालणे, छाती आत ओढली जाणे, मान ताठ होणे, हातपाय गार पडून कातडीवर डाग दिसणे, दाबूनही न जाणारे पुरळ, लघवी फार कमी होणे, वारंवार उलट्या, जागे केले तरी जागे न होणे, यांपैकी काही दिसले तर रात्र असो की सणवार, रुग्णालय गाठावे. तीन दिवसांहून अधिक काळ ताप टिकला तरी दाखवावे.

मूल तापाने बेचैन असेल तर पॅरासिटामॉल द्यावे. मात्रा वयावरून नव्हे, वजनावरून ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर, आणि चोवीस तासांत चारांहून अधिक मात्रा नाहीत. थेंबांचे औषध आणि सायरप यांची तीव्रता निरनिराळी असते, म्हणून बाटलीवरचे अक्षर वाचल्यावाचून चमचा उचलू नये. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही नको. आपल्याकडील कोलनवॉटरच्या घड्या आणि बर्फाचे पाणी आता टाकून द्यावे. अंग पुसावयाचेच तर कोमट पाण्याने, तेही मुलाला बरे वाटत असेल तर. गोधड्यांत गुंडाळून घाम काढण्याची जुनी रीतही सोडावी. लंघनाचा आग्रह नको. स्तनपान चालू ठेवावे, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक थोडेथोडे देत राहावे. सहा महिने ते पाच वर्षे या वयात काही मुलांना तापात आकडी येते. ती पाहून काळजाचे पाणी होते खरे, परंतु बहुधा ती काही मिनिटांत थांबते आणि मागे अपाय ठेवीत नाही. मुलाला कुशीवर निजवावे. तोंडात चमचा घालू नये, नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये. आकडी पाच मिनिटांहून अधिक टिकली तर रुग्णवाहिका बोलवावी. पहिल्याच वेळी आली असेल तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवावे.

आता पुन्हा त्या टेकडीवर जाऊ. आमच्या आजीने भावाच्या आजारपणात दृष्ट काढली होती, अंगाराही लावला होता. परंतु तिने आणखी काय केले ते आज आठवते. ती तीन रात्री त्याच्या उशाशी बसली होती. चमच्या-चमच्याने पेज पाजीत होती, श्वास कसा चालतो ते पाहात होती, पाय गार पडले का ते चाचपून बघत होती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, ताप काहीसा उतरलेला असूनही, तिनेच वडिलांना सांगितले, “याचा श्वास बरा नाही. आत्ता डॉक्टरकडे न्या.” छातीत न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली आणि भाऊ वाचला. नारळ मातृकांना वाहिला गेला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्याला वाचविले ते आजीच्या पाहण्याने आणि डॉक्टरांच्या औषधाने, दोहोंनी मिळून.

काश्यपसंहितेतील तो अनाम निरीक्षक आणि आमची आजी हे एकाच कुळातले. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजी नाही. भ्रमणध्वनीवर तिचा चेहरा दिसतो, पण तिचा हात बाळाच्या कपाळी पोहोचत नाही. अशा वेळी मंडळातील शेजारपाजारच्या घरांनी एकमेकांच्या मुलांसाठी तो हात व्हावा. पन्नास वर्षे आपण गणपती बसविला, नाटके केली, तिळगूळ वाटला. त्या सर्वांइतकेच मोलाचे हेही कार्य आहे. ज्याच्या घरी लहान मूल आहे, त्याच्याजवळ रात्री अपरात्री हाक मारावयास एका तरी अनुभवी शेजारणीचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या बालरुग्णालयाचा पत्ता लिहून ठेवलेला असावा.

आणि कधी जबलपूरला जाणे झालेच, तर संगमरवरी कडे पाहून झाल्यावर त्या पायऱ्या अवश्य चढाव्यात. भग्न मातृकांच्या त्या वर्तुळात उभे राहिल्यावर, आपल्याआधी किती आया त्याच काळजीने तेथे आल्या असतील, याची जाणीव होते.